मुलाकडचे, मुलीकडचे

बैठकीत नवऱ्या मुलाने आणि नवऱ्या मुलीने बसायचं नाही, असं दोन्ही बाजूंनी फोनवरच ठरलं होतं. पद्धतच आहे तशी. म्हणून चंद्रहास उकिडवे आणि संध्या वझे, पैकी एक सत्तरीला टेकलेले आणि दुसऱ्या साठी उलटलेल्या, डब्लिनच्या सिटीवेस्ट भागातल्या घरी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि बाहेर त्यांच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मधलं दार नीलिमाने लोटून घेतलं. लोटताना ती "सॉरी हं बाबा" म्हणाली. सुनेने सासऱ्याला असं म्हणावं आणि सासऱ्याने "नाही नाही, बरोबर आहे" म्हणावं, इतपत त्या घरात सगळं सुरळीत होतं.

मुलाकडची बाजू म्हणजे अभिजित. मुलाकडचे म्हणजे नवरदेवाचे आईबाप, काका, मामा, झालंच तर एखादा रुसायला नेमलेला मावसोबा, अशी आपली समजूत. इथे नवरदेवाचा मुलगाच मुलाकडचा होता. मुलीकडची बाजू म्हणजे संध्याची मुलगी मुक्ता. ती लिमरिकमध्ये वाढली, आता डून लेरीला राहायची आणि डब्लिनमध्ये विमा कंपनीत नोकरी करायची. शब्द तंतोतंत लागू पडत होते, तरी ते उच्चारताना अभिजितला जरा अवघडल्यासारखं होत होतं. तो दोनदा 'आमच्या मुलाला' म्हणता म्हणता थांबला आणि 'बाबांना' म्हणाला.

लग्न शुक्रवारी होतं, लिमरिकच्या रजिस्ट्रारकडे. त्याची नोटीस उन्हाळ्यातच देऊन झाली होती. चंद्रहासांना आयर्लंडमध्ये राहायची परवानगी दर वर्षी अभिजितच्या हमीपत्रावर मिळे आणि ती या महिनाअखेर संपत होती. अभिजितने ती पुन्हा मागितली नव्हती, कारण आता पुढचं हमीपत्र संध्या देणार होती, बायको म्हणून. तेव्हा आजच्या बैठकीत दोन्ही बाजूंचं जमलं तर शुक्रवारी लग्न, आणि नाही जमलं तर चंद्रहास नागपूरला परत. त्यांना न्यायला त्यांची थोरली बहीण विद्या येऊन बसलेलीच होती. निमंत्रण तिला लग्नाचं होतं. तिने भावाचं परतीचं तिकीटही राखून ठेवलं होतं आणि येण्यापूर्वी माडीवरची खोली पांढरी करून घेतली होती.

"फर्स्ट ऑफ ऑल," मुक्ता म्हणाली आणि तिने टीपॉयवर करारनामा ठेवला, "धिस इज नॉट पर्सनल."

लिमरिकच्या एका सॉलिसिटरने तो केला होता. लग्नापूर्वीचा करार. लिमरिकचं घर संध्याचं, तिच्यामागे मुक्ताचं. नागपूरचा फ्लॅट चंद्रहासांचा, त्यांच्यामागे अभिजितचा. कुणाचं कुणी काही मागायचं नाही. सगळं सभ्य भाषेत होतं आणि अभिजितला त्यात हरकत घेण्यासारखं काही दिसत नव्हतं, याचीच त्याला थोडी पंचाईत वाटत होती. मुलाकडच्यांनी एखादी तरी हरकत घ्यायला हवी, असं त्याला आतून वाटत होतं.

तेवढ्यात विद्या उठली. पदराच्या गाठीतून तिने कुंकवाची पुडी काढली, हळदीचीही काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत कराराच्या पहिल्या पानाच्या चारही कोपऱ्यांना बोटं लावली.

"आँटी," मुक्ता म्हणाली. "दॅट्स द ओरिजिनल."

"मग? ओरिजिनललाच लावतात," विद्या म्हणाली. "नकलेला कोण लावतं? कुंकवाशिवाय यादी वाण्याची असते."

नीलिमाने मुक्ताला समजावून सांगितलं, की नागपूरकडेच काय, सगळीकडेच लग्नाआधी दोन्ही घरची मोठी माणसं बसून याद करतात. कोणी काय द्यायचं, कोणता खर्च कुणाकडे, ते कागदावर लिहितात, कागदाला हळदकुंकू लावतात आणि त्यावर दोघांच्या सह्या होतात. मुक्ताने ते नीट ऐकून घेतलं.

"सो यू हॅव प्रीनप्स," ती म्हणाली. "आई म्हणाली, आपल्यात असलं काही नसतं म्हणून."

नीलिमाने करारनामा आपल्याकडे ओढून घेतला.

विद्याला हे लग्न नको होतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. तिने ते लपवलंही नव्हतं. तरी याद नीट व्हायला हवी, असं तिला मनापासून वाटत होतं. मोडायचं तर तेही रीतीने मोडावं, अशी ती बाई. नागपूरच्या मुलींच्या शाळेत तिने हयातभर इंग्रजी शिकवलं होतं, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती, आणि समोरच्या कागदात दोन ठिकाणी स्वल्पविराम चुकला आहे हे तिने कुंकू लावता लावता पाहून ठेवलं होतं.

"एक मिनिट," नीलिमा म्हणाली. ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. दुसऱ्याच्या कामातली विसंगती शोधायचा तिला पगार मिळे आणि घरी ती तेच फुकट करी. "हे सातवं कलम बघ. दोघांपैकी कुणीही कुणाकडून निर्वाह मागणार नाही, कुणावर कुणाला सांभाळायचं बंधन नाही. बरोबर?"

"राइट."

"आणि हे इमिग्रेशनला द्यायचं हमीपत्र. संध्याकाकूंनी द्यायचं. बाबांचं राहणं, जेवणखाण, औषधपाणी, सगळं मी बघीन."

"राइट."

"म्हणजे आज त्या लिहून देणार की यांना सांभाळायला मी बांधलेली नाही. आणि शुक्रवारी लिहून देणार की यांना मी सांभाळीन."

"दे आर टू डिफरंट डॉक्युमेंट्स."

"माणूस एकच आहे ना पण," नीलिमा म्हणाली.

अभिजितने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. हमीपत्राचा नमुना त्याला पाठ होता. वडिलांचा सरकारवर भार पडणार नाही, असं त्याने सलग तीन वर्षं लिहून दिलं होतं. बाबांबद्दल त्याची तक्रार नव्हती. बाबा कमी बोलायचे, वेळेवर जेवायचे, कचऱ्याचे डबे आठवणीने बाहेर ठेवायचे. पण दर वर्षी पगाराच्या पावत्या जोडून 'भार' या शब्दाखाली सही करायची वेळ आली की त्याला आठवडाभर बाबांशी सरळ बोलता येत नसे. त्यातून सुटका होणार म्हणून तो उन्हाळ्यापासून खुशीत होता आणि त्या खुशीची त्याला लाजही वाटत होती.

"ते काही असो," तो म्हणाला. "शुक्रवारनंतर माझी हमी संपते, एवढं खरं ना?"

"आपोआप नाही," मुक्ता म्हणाली. "तुम्ही डिपार्टमेंटला लिहायचं, आय विथड्रॉ. आणि माझं म्हणणं, डोन्ट. तुमची राहू द्या. आईची वरून."

"म्हणजे लग्न बाबांनी करायचं, नांदायला लिमरिकला जायचं आणि खायला घालायची हमी मी इथून द्यायची?"

"यू आर हिज सन."

"त्या बायको आहेत."

"नॉट टिल फ्रायडे," मुक्ता म्हणाली.

"पोरगी बरोबर बोलून राहिली," विद्या म्हणाली. "लेकाची हमी कशी संपेल? पण मी म्हणते, एवढा घोळ काऊन करायचा? चंदू माझ्यासोबत आला तर कोणालाच हमी द्यावी लागत नाही."

बाजू अशा फिरल्या. मुलाकडची आत्या मुलीकडच्यांना जाऊन मिळाली. अभिजितने नीलिमाकडे पाहिलं. ती आपल्या बाजूने बोलेल असं त्याला वाटलं, कारण दर वर्षी त्या नमुन्याला नावं ठेवण्यात तीच पुढे असायची.

"राहिली तर काय बिघडतं रे?" नीलिमा म्हणाली. "तीन वर्षांत सरकारने आपल्याकडे काय मागितलं? काही नाही. बाबा काय जास्तीचं जेवले?"

"जेवणाचा प्रश्न नाहीये हा."

"मग कशाचा आहे?"

अभिजितने दोन्ही कागद पुन्हा एकावर एक सारखे केले.

मुक्ता खिडकीबाहेर बघत होती. बाहेर सारख्या दिसणाऱ्या घरांची रांग होती आणि पलीकडे अजून अर्धवट बांधलेल्या घरांची. सातवं कलम तिचं नव्हतं. सगळे ते तिचं समजत होते आणि ती समजू देत होती. ते तिच्या आईने घालायला लावलं होतं आणि मुक्ताने दोनदा विचारूनही का ते सांगितलं नव्हतं. मुक्ताला फक्त एवढं कळत होतं, की तिचे वडील, सतीश वझे, नऊ वर्षं अंथरुणावर होते आणि त्या नऊ वर्षांत आई घराबाहेर पडली ती हॉस्पिटलच्या लॅबमधल्या कामासाठी आणि भाजीला. आता आई आपल्याहून म्हाताऱ्या माणसाशी लग्न करत होती. तो उद्या आजारी पडला की पुन्हा नऊ वर्षं. अभिजितची हमी राहिली तर निदान फोन करायला कुणीतरी असेल, एवढाच तिचा हिशेब होता. तो तिला नीट मांडता आला नाही, म्हणून तिने सॉलिसिटरचा आधार घेतला. ती विद्याकडे वळली.

"लुक, आँटी, युवर मॅन सेज् नायदर ऑफ दीज इज वर्थ द पेपर इट्स ऑन. प्रीनप कोर्टाला बाइंडिंग नाही. आणि हमीपत्रावरून कुणावर केस झालेली त्याने पाहिली नाही. ही सेज् साइन द लॉट अँड यू विल बी ग्रँड."

विद्याने ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. युवर मॅन. तुमचा माणूस. वाक्य तिच्याकडे बघून बोललेलं होतं, षष्ठी विभक्ती स्पष्ट होती आणि तिथे विद्याचा म्हणावा असा एकच माणूस होता. तो आत चहा करत होता. आयर्लंडमध्ये 'युवर मॅन' म्हणजे 'तो अमका', मग तो सॉलिसिटर असो की बस ड्रायव्हर, हे तिला तीस वर्षांच्या अध्यापनात कुठल्याच पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं. ती उठली आणि मधलं दार ढकलून आत गेली.

आत चहा कधीच झाला होता. बाहेर बोलावणं येईपर्यंत न्यायचा नाही म्हणून तो झाकून ठेवला होता. चंद्रहास टेबलाशी बसून लसूण सोलत होते. लसूण कुणी सोलायला सांगितला नव्हता.

"बशा कुठल्या प्रेसमध्ये?" संध्याने विचारलं. पंचवीस वर्षांत तिच्या मराठीतून कपाट हा शब्द निघून गेला होता आणि तिथे हा आयरिश 'प्रेस' आला होता.

"वरच्या," चंद्रहास म्हणाले. "तुम्ही बसा संध्याबाई, मी काढतो."

ती दोघं अजून अहोजाहोच करत होती. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या हॉलवर ओळख झाली, मग लिमरिक-डब्लिन फोन सुरू झाले, आणि या वैशाखात त्यांनी मुलांना सांगितलं. चंद्रहास नागपूरच्या तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवायचे. शिकवणं सुटलं, बायको गेली आणि तेव्हापासून ते जिथे ठेवतील तिथे राहत होते. संध्याशी बोलताना त्यांना पहिल्यांदा असं वाटलं होतं, की आपल्याला कुठे ठेवलेलं नाही, आपण आलेलो आहोत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगायचं होतं, पण अहोजाहोमध्ये ते बसेना.

"चंदू," विद्या दारातूनच म्हणाली, "तू असं म्हणाला?"

"काय म्हणालो?"

"की या कागदांना काही किंमत नाही. सगळ्यांवर सह्या ठोका म्हणून. कोणी कोर्टात जात नाही म्हणून. माझा भाऊ असा बोलेल असं मला वाटलं नव्हतं. त्या बाईचं घर आहे, पोर आहे. तुला लग्न करायचं तर सरळ कर नं."

चंद्रहासांनी लसूण खाली ठेवला. मी काही म्हणालो नाही, असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी ते उठले, हात धुतले, पुसले आणि बाहेर आले. मागोमाग संध्या आली, हातात चार बशा तशाच. नवऱ्या मुलाने बैठकीत यायचं नाही हे ठरलेलं होतं, पण आता कुणी अडवलं नाही.

"मी काय म्हणालो म्हणून सांगितलंत?" त्यांनी मुक्ताला विचारलं.

मुक्ताला कळेना. मग अभिजितला कळलं. युवर मॅन म्हणजे सॉलिसिटर, बाबा नाही, हे त्याने आत्याला समजावलं. विद्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की असं असेल तर या लोकांची सर्वनामं तपासून घ्यायला हवीत. ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. चंद्रहास मात्र उभेच राहिले.

"आलोच आहे तर बघू," ते म्हणाले, आणि त्यांनी करार हातात घेतला.

तो त्यांना आजवर कुणी दाखवला नव्हता. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला घेतलं. घराचं कलम वाचून मान हलवली. फ्लॅटचं वाचून मान हलवली. सातव्याशी ते थांबले आणि ते त्यांनी पुन्हा वाचलं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी आहे. तुम्ही माझं काही देणं लागत नाही, मी तुमचं काही देणं लागत नाही."

"मुक्ता, हे काढून टाकूया का?" नीलिमा म्हणाली. "बाकी सगळं ठीक आहे. एवढंच खटकतं."

"इट्स नॉट..." मुक्ता म्हणाली आणि थांबली. तिने आईकडे पाहिलं.

"ते मी घातलं," संध्या म्हणाली. तिने हातातल्या बशा टीव्हीच्या टेबलावर ठेवल्या. "मुक्ताला बोलू नका. तिचा काही संबंध नाही त्यात."

मग ती चंद्रहासांकडे वळली.

"घरासाठी नाही घातलं. सतीश नऊ वर्षं पडून होता. मी केलं त्याचं. माझ्याकडून कुणी लिहून घेतलं नव्हतं, मी केलं. लोक म्हणायचे, धन्य आहे. पण शेवटची तीन-चार वर्षं मला तो नकोसा झाला होता. सकाळी त्याच्या खोलीचं दार उघडताना मी रोज..." ती थांबली आणि तिने वाक्य तिथेच सोडलं. "तर ते असू दे. उद्या मी पडले आणि तुम्हाला मी तशी नकोशी झाले, चंद्रहास, तर तुम्हाला उठून जाता यायला हवं. कुणी तुम्हाला कागद दाखवायला नको. म्हणून सातवं कलम."

मुक्ताने हे कधी ऐकलं नव्हतं. त्या दाराबाहेर ती रोज सकाळी दप्तर घेऊन उभी असायची आणि आईला उशीर का होतो म्हणून चिडायची. ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आणि माझं हो?" चंद्रहास म्हणाले. "मी पडलो तर?"

"तुमचं मी सरकारला लिहून देतेच आहे."

"म्हणजे तुम्ही माझं करायचं आणि मी तुमचं करायचं नाही."

"मला नकोय ते."

चंद्रहास खुर्चीवर बसले. ते आता काही बोलतील की नाही, हे त्यांच्या मुलाला सांगता आलं नसतं. तीन वर्षांत त्याने त्यांना सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं.

"इथे आल्यापासून माझ्याबद्दल एक कागद दर वर्षी सरकारकडे जातो," चंद्रहास म्हणाले. "हा माणूस दुसऱ्याच्या जिवावर आहे, असं त्यात असतं. अभिजितने त्यात खोटं काही लिहिलेलं नाही. आता तसाच कागद तुम्ही देणार. तोही खराच असेल. पण मी लग्न जेवायला मिळावं म्हणून करत नाही संध्याबाई. जेवण इथे मिळतं. विद्याकडेही मिळेल, तिने खोलीसुद्धा पांढरी करून घेतली आहे. मला कुणालातरी सांभाळायचंय. तेवढं यातल्या एकाही कागदात नाही. आणि तुम्ही म्हणता, ते चालणार नाही."

"नाही चालणार," संध्या म्हणाली. "मी कुणाला ते दार उघडायला लावणार नाही."

"मग मी सही करत नाही."

"मग शुक्रवारचं काय?" अभिजित म्हणाला.

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. नीलिमा उठून आत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. चहा आणावा असं तिला वाटलं होतं, पण अशा वेळी चहा आणायचा की नाही याची कुठली पद्धत नव्हती.

विद्या भावाकडे पाहत होती. तिला हवं होतं ते झालं होतं. बोलणं फिसकटलं होतं, तेही रीतीने, कागदाला कुंकू लागल्यावर. आठवड्याने चंदू तिच्यासोबत विमानात बसला असता, माडीवर राहिला असता आणि तिने हाक मारली की जेवायला खाली आला असता. तिला एकटीला जेवायचा कंटाळा आला होता. एवढं साधं कारण होतं ते, पण तिने ते भावाला सांगितलं नव्हतं. खोली पांढरी केली एवढंच सांगितलं होतं. त्याला कुणाला सांभाळायचंय म्हणे. लहानपणी त्याला शाळेत नेताना रस्ता ओलांडायला त्याचा हात धरावा लागायचा. तो हात सोडवून घ्यायचा तो.

"आजारपण कोणाकडे?" विद्या म्हणाली.

"काय?" अभिजित म्हणाला.

"यादीत लिहायला लागतं. मानपान कोणाकडे, जेवणावळ कोणाकडे. तसं आजारपण कोणाकडे? मी विचारून राहिले तर सांगा."

असं कुठल्याच यादीत नसतं. विद्याने डझनावारी याद्या पाहिल्या होत्या, काही तिच्या अक्षरात होत्या. बँडवाल्याचा चहासुद्धा कुणाकडे ते लिहिलेलं असायचं. आजारपण कुणी कधी लिहिलं नव्हतं. ते न लिहिता ज्याचं त्याला कळायचं, आणि कळायचं ते बहुतेक नवऱ्या मुलीलाच. विद्यालाही कळलं होतं, तिच्या वेळी. हे सगळं ती बोलली नाही. तिने पर्समधून कोरा फुलस्केप काढला, त्याच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि तो भावाच्या पुढे सरकवला.

"त्या इंग्रजीत जे असेल ते असू दे," ती म्हणाली. "ही आपली याद."

चंद्रहासांनी पेन घेतलं. वर 'श्री' लिहिलं. मग त्यांच्या फळ्यावरच्या मोठ्या, सुट्या अक्षरात त्यांनी एक ओळ लिहिली आणि कागद संध्याकडे फिरवला. 'नवऱ्या मुलीचे आजारपण नवऱ्या मुलाकडे.'

"खोडा ते," संध्या म्हणाली.

"हे कोर्टात चालत नाही."

"खोडा म्हणते ना मी."

"तुमच्या सॉलिसिटरला विचारा. त्याचं इंग्रजीतलं चालत नाही, तर माझं हे कुठून चालेल? मी उठून गेलो तर तुम्हाला काही करता येणार नाही. कुणालाच येणार नाही." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मग राहू द्या की. मी तुमचं सातवंही ठेवतो. त्याच्यावरही सही करतो."

संध्या त्या ओळीकडे पाहत राहिली. तिला रडू येत होतं आणि ते तिने येऊ दिलं. मग तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं. खोडणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने खाली वाकून दुसरी ओळ लिहिली. मराठी लिहायची सवय गेलेली, त्यामुळे ती थांबून थांबून लिहीत होती आणि 'आजारपण' लिहिताना एक काना विसरला तो तिने मागाहून दिला. 'नवऱ्या मुलाचे आजारपण नवऱ्या मुलीकडे.'

"आणि सरकारकडेही लिहून देतेच," ती म्हणाली. "म्हणजे माझं दोनदा झालं. लक्षात ठेवा."

"ठेवतो," चंद्रहास म्हणाले.

नीलिमा चहा आणायला आत गेली. मुक्ताने कराराची पानं पुढे केली आणि दोघांनी प्रत्येक पानावर, सातव्या कलमासकट, सह्या केल्या. कुंकू लागलेलं पहिलं पान सॉलिसिटरला काय म्हणून दाखवायचं, असं मुक्ताने आईला विचारलं. चहा सांडला म्हण, असं विद्या म्हणाली.

फुलस्केप टीपॉयवर पडला होता. अभिजितने तो उचलून वाचला. दोनच ओळी होत्या. बाबांचं आजारपण लिहून झालं होतं, हळदकुंकवासकट, आणि ते त्याच्याकडे नव्हतं. तीन वर्षं त्याला दुसरं काही नको होतं. शुक्रवारपासून ज्याला बाबांबद्दल काही विचारायचं असेल तो लिमरिकला विचारणार होता. त्याने कागद पालथा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"यात मुलाकडचे कुठे आहेत?" तो म्हणाला.

"मुलाकडच्यांचा मान असतो," विद्या म्हणाली. "शुक्रवारी टोपी घालून बस."

"आत्या, चेष्टा नको." त्याने पेन उचललं, पण लिहायचं काय ते त्याला कळेना. कागद तसाच हातात धरून तो वडिलांकडे वळला. "बाबा, थोडं माझ्याकडे पण लिहा ना. अर्धं लिहा."

चंद्रहासांनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला, घडी घातला आणि संध्याकडे दिला.

"तुझं कधीच लिहून झालंय," ते म्हणाले. "सरकारकडे आहे ते. तेवढं परत मागवू नकोस."